सुगरणीची गाठ

“आणि हेही तुमच्या ग्रंथात आधीच लिहून ठेवलेलं असेल, नाही का बाबा?”

डॉ. अच्युत शेजवलकर नुकतेच सांगून थांबले होते, की पाणी न मिळालेलं टोमॅटोचं झाड टकटक असा बारीक आवाज करतं. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. यंत्राला येतो.

विश्वंभरबाबा मठाच्या ओसरीवर बसून सुपातले तांदूळ निवडत होते. त्यांचा हात थांबला.

“नाही. कुठेच लिहिलेलं नाही. मला आत्ता तुमच्याकडून कळलं.”

डॉक्टर या उत्तराच्या तयारीने आले नव्हते.

सातपुड्याच्या पायथ्याशी पिंपळझरी नावाचं गाव आहे. तिथल्या मठात त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. दुपारी प्रवचन, आणि प्रवचनात डॉक्टरांचा सत्कार. त्याआधी त्यांनी विज्ञानातल्या नव्या शोधांबद्दल लोकांना चार गोष्टी सांगायच्या होत्या.

सत्कार का, तर सुगरण पक्ष्यामुळे.

सुगरण म्हणतात, पण घरटं विणतो तो नर. विणकामातली ती अवघड पहिली गाठ त्याला उपजत येत नाही, मोठ्या पक्ष्यांकडे पाहूनच तो ती शिकतो, असं डॉक्टरांनी बारा वर्षांपूर्वी मांडलं होतं. त्यावर त्यांचं नाव झालं. पुढे ते कुठल्याशा वर्तमानपत्रात छापून आलं आणि बाबांच्या वाचनात आलं. तेव्हापासून नऊ वर्षं दर गुरुपौर्णिमेला बाबा लोकांना सांगत होते, “पाखरालासुद्धा गुरू लागतो. पुण्याच्या एका डॉक्टरांनी हे पाहिलंय.”

पंचक्रोशीतल्या पोरासोरांनाही तो दृष्टांत पाठ होता.

“आणखी सांगा,” बाबा म्हणाले.

“एक केसाळ मधमाशी असते, भुंग्याएवढी. ती लाकडाच्या गोळ्या ढकलत बसते. त्यातून तिला खायला मिळत नाही, काही मिळत नाही. तरी पुन्हा येते आणि पुन्हा ढकलते.”

“खेळते?”

“दुसरा शब्द सापडत नाही.”

बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यांनी विचारलं, “आधी काय वाटायचं लोकांना?”

“की खेळणं हे मोठ्या मेंदूच्या प्राण्यांचं काम.”

“आणखी?”

“अवकाशात सोडलेल्या नव्या दुर्बिणीतून फार फार जुन्या दीर्घिका दिसल्या. विश्व अगदी तान्हं होतं तेव्हाच्या. त्या अंधुक आणि किरकोळ असतील असा हिशोब होता. निघाल्या चांगल्या तेजस्वी.”

“मग ज्यांचा हिशोब चुकला, ती माणसं काय करतात?”

“खूश आहेत बहुतेक जण. रात्रंदिवस नवा हिशोब मांडतायत.”

“चुकलं म्हणून खूश?”

“म्हणजे... त्यासाठीच तर दुर्बीण पाठवलेली असते, बाबा.”

हे बोलून डॉक्टर स्वतःच चपापले.

बाबा तांदूळ निवडत राहिले. पाच-सहा खडे निघाले.

“सत्कार राहू द्या,” शेवटी डॉक्टर म्हणाले.

“का?”

“माझी एक विद्यार्थिनी आहे, उज्ज्वला वळवी. तिने सुगरणीची अठरा पिलं हाताने वाढवली. त्यांना मोठा पक्षी दिसू दिला नाही, घरटं दिसू दिलं नाही. गवताची पाती तेवढी ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यात नर विणायला लागले. सुरुवातीला गबाळं, मग नीट. गाठ तीच... कुणी न शिकवता.”

“तुम्हांला कधी कळलं?”

“पाच महिने झाले. सगळ्यांत आधी तिने मलाच आणून दाखवलं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“आणखी एक हंगाम पाहू म्हणालो.”

“पाहायची गरज होती?”

डॉक्टरांनी अंगणाकडे नजर वळवली. तिथे बायका पत्रावळी मांडत होत्या.

“नव्हती.”

“ती काय म्हणाली?”

“बरं सर, म्हणाली. तिचा प्रबंध अडून पडलाय. सरकारी नोकरीची मुलाखत होती, तीही हुकली. अजून बरं सर, एवढंच म्हणते.”

बाबांनी सूप बाजूला सारलं आणि ओसरीच्या खांबाला धरून उठले. वय ऐंशीच्या पुढे होतं, उठायला वेळ लागला. डॉक्टरांना वाटलं, आता काहीतरी उपदेश होईल.

बाबा सरळ सभामंडपाकडे चालू लागले. डॉक्टर मागोमाग गेले.

मंडपात तीनेकशे माणसं होती. बाबा आसनावर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले.

“नऊ वर्षं मी तुम्हांला सुगरणीची गोष्ट सांगत आलो. ती खोटी निघाली. उज्ज्वला वळवी नावाच्या मुलीने पिलं एकटी वाढवून पाहिली. त्यांना गाठ आली. गुरू नव्हता.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

डॉक्टर बाबांच्या कानाशी वाकले. “बाबा, जाहीर करण्याआधी मला निदान विचारायचं तरी.”

“तुम्हांला कशाला? तिने पाखरांना विचारलंय.”

पुढच्या रांगेत सुपडू तात्या म्हणून एक म्हातारे बसायचे. पस्तीस वर्षं त्यांची एक गुरुपौर्णिमा चुकली नव्हती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

“मग बाबा, पाखराला गुरू लागत नाही, तर आम्ही इथं येतो कशाला?”

बाबांनी तात्यांकडे पाहिलं.

“ठाऊक नाही, तात्या. मी आजच ऐकलंय.”

तात्या खाली बसले. मागे कुजबुज सुरू झाली. दोघेतिघे उठून बाहेरही गेले. बाबांनी त्यांना थांबवलं नाही.

तेव्हा डॉक्टर पुढे झाले. कुणी बोलावलं नव्हतं.

“बाबांनी अर्धंच सांगितलं,” ते म्हणाले. “चूक माझी होती. चूक कुणाचीही होते, त्याचं एवढं नाही. पण ती कळल्यावर मी पाच महिने दाबून ठेवली. त्या मुलीला थांबवून ठेवलं. बाबांना हे माहीत असूनही त्यांनी ते सांगितलं नाही. म्हणून मी सांगतोय.”

एवढं बोलून ते कडेला जाऊन उभे राहिले.

सत्काराची शाल आणि नारळ ताटात तसेच होते. बाबांनी शाल उचलली, घडी नीट केली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

“तिला पोचवा.”

जेवणं झाल्यावर डॉक्टर मठाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे मोबाइलला रेंज होती. त्यांनी फोन लावला.

“उज्ज्वला, लेख पाठवून दे. आजच.”



“बरं सर... तुमचं नाव कुठे घालू?”

“जिथे जुनं मत चुकलं असं लिहिशील, तिथे. आणि त्या मुलाखतीचं... मी उद्या त्या लोकांना भेटतो. होईल की नाही, सांगता येत नाही.”

“बरं सर,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “पिलांपैकी एकाने काल दुसरं घरटं सुरू केलं. तुम्ही बघायला या.”

फोन ठेवून ते परत आले, तेव्हा मंडप रिकामा होत होता. बाबा एकटेच पायरीवर टेकले होते. पुढच्या वर्षी इथे निम्मी माणसं तरी येतील का, असा विचार डॉक्टरांच्या मनात आला, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही.

ते शेजारी बसले.

“तुमचा सगळ्यांत चांगला दृष्टांत गेला, बाबा. माझ्यामुळे गेला.”

“गेला खरा.”

“नऊ वर्षांचा होता...”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

“नव्याला जागा झाली.”