गाठ भिजली

यामिनीला वाटलं होतं, आपलं आंबवेल गाव रागाने पेटलेलं असेल. नॉर्वेहून समुद्रविज्ञान शिकून येताना तिने वाटेत भाषणसुद्धा जुळवलं होतं. बंदरावर उतरून पाहते तो गाव मुकाट वळसा घालत होतं.

समोर पाण्यातल्या घोणसगडावर आलिशान हॉटेल झालं होतं. तिथल्या पाहुण्यांच्या नजरेस जाळी पडू नयेत म्हणून किल्ल्यासमोरची चिंचोळी वाट होड्यांना बंद. कायदा कसलाच नाही, नुसता पहारेकऱ्याचा भोंगा. होड्या किल्ल्यामागून, उघड्या दर्यातून फिरत. गेल्याच महिन्यात तिथे लाटेने तिच्या बापाची, दामूची, होडी अर्धी भरली होती.

आणि तरीही प्रत्येक होडीच्या झेंड्याच्या काठीला आंबवेलची ती गाठ होतीच.

धक्क्यावर म्हातारा पोशा तांडेल हॉटेलच्या पाहुण्यांना त्या गाठीचीच कथा सांगत होता. कुणी काही केल्या नमत नाही, तेव्हा आंबवेलमध्ये म्हणतात, "त्याची गाठ भिजली." यामिनीही पाहुण्यांत जाऊन बसली.

असे सांगतात, की पूर्वी घोणसगडावर एक किल्लेदार होता. समोरून जाणाऱ्या प्रत्येक होडीने शीड उतरवून त्याला मुजरा करावा, असा त्याचा हुकूम. पण पाण्याची ओढ नेमकी तिथेच. शीड उतरलं की होडीचा जोर जायचा. हिरू कोळणीच्या नवऱ्याने मान राखून शीड उतरवलं, तेव्हा ओढीने त्याची होडी खडकावर नेऊन फोडली. किल्लेदार वरून बघत होता म्हणे. हुकूम काही फिरला नाही.

नवऱ्याचे दिवस झाले तशी हिरूने दिराची होडी मागून घेतली. शीड चढवलं. शिडाची काठी डोलकाठीला जाळ्याच्या सुताने करकचून बांधली आणि गाठीवर दर्याचं पाणी ओतलं. सुताची गाठ भिजली की आवळते, सोडू म्हटलं तरी सुटत नाही. वादळ आलं तर शीड उतरायचं नाही, होडी उलटणार, हे तिला ठाऊक होतं.

"शीड उतरव!" बुरुजावरून हाक आली.

"तूच ये उतरवायला!" हिरू ओरडली. "माझी गाठ भिजली!"

तोफेचा गोळा शिडाला भोक पाडून गेला. होडी वाट ओलांडून गेली. पुढे ती परतली की वादळाने घेतली, कुणी काही सांगतं, कुणी काही. पण दुसऱ्या दिवशी आंबवेलच्या झाडून साऱ्या होड्या शिडं बांधून निघाल्या. किल्लेदार किती गोळे डागणार? हुकूम आपोआप मेला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. यामिनीने विचारलं, "मग आज्या, आता वळसा कशाला?"

पोशा हसला नाही. "काठीवर बघ गो बाय. ती गाठ नायलॉनची. भिजली काय नि सुकली काय."

संध्याकाळी तिने बापाजवळ विषय काढला. दामू जाळं झटकत म्हणाला, "होडी एकच हाय. हॉटेलच्या बोटीने धडक दिली तर खाणार काय, तुझं शिक्षण?"

"आणि मागच्या दर्याने घेतली तर?"

दामूने जाळं गुंडाळलं आणि तो घरात गेला.

पहाटे तो धक्क्यावर आला तेव्हा यामिनी होडीत होती. नायलॉनची गाठ तिने कोयत्याने कापून टाकली होती आणि सुताची गाठ बांधत होती, जरा वेडीवाकडी.

"अशी नाय बांधत," म्हणत दामू आत उतरला. त्याने ती सोडली, नीट बांधली, आणि हात मागे घेतला. पाणी घातलं नाही.

यामिनीने ओंजळ भरली. "बाबा, मी समोरून जाणार. तुम्ही आलात तर सुकाणू तुमचं. नाही आलात तर माझं."

तिने ओंजळ गाठीवर सोडली. दामूने सुकाणू धरलं.

आजही आंबवेलच्या प्रत्येक होडीला गाठ असते. त्या सकाळपासून त्यातली एक सुताची आहे, आणि ओली.