बुधीचं लाकूड

फार वर्षांपूर्वी, या घाटाला गाडीवाट नव्हती तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पोटाशी बुधी नावाची एक कातकरीण राहायची. कोळसा पाडणं हे तिचं काम. लाकडं रचायची, वर पाला नि माती लिंपायची, धुराला भोकं ठेवायची आणि भट्टी धुमसत ठेवायची. गावातल्या दगडू लोहाराचा भाता तिच्याच कोळशावर चाले. तिचा हात कधी चुकला नाही, असं म्हणतात.

एका वर्षी मात्र भट्टी अर्धी धुमसली असताना वळवाचा पाऊस कोसळला आणि वरची दरड सरकली. चिखलानं भोकं बुजली, आग गुदमरली. भट्टी निवल्यावर बुधीनं ती उघडली, तर आत भलतंच काही! लाकूड काळं झालं नव्हतं आणि कच्चंही राहिलं नव्हतं. काताच्या रंगाचं, हलकं, पापडासारखं कट्‌कन मोडणारं. बुधीनं ते हुंगलं, जिभेला लावलं, पुन्हा हुंगलं. काही उमगेना. शेवटी मोळी बांधून ती लोहाराकडे गेली.

"बुधे, हे काय आणलंस? हा कोळसा नव्हे," दगडू म्हणाला.

"नव्हेच की, दादा."

"मग लाकूड आहे?"

"लाकूडबी वाटंना."

"मग आहे तरी काय?"

बुधीनं एक तुकडा कट्‌कन मोडून त्याच्यापुढं धरला. तेवढ्यात ओट्यावरची एक बाई म्हणाली, "अर्धवट जळालेलं दिसतंय. मसणातलं तर नाही ना उचललं?"

झालं! गावानं बुधीच्या हातचं घेणंच सोडलं. मोळी लोहाराच्या पागोळ्यांखाली पडून राहिली. फेकायलाही कोणी तिला हात लावेना.

आषाढात झड लागली ती उघडेचना. लोहाराची लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती बाळंत झाली तेव्हा घरातलं सरपण ओलंचिंब, नि बुधीकडून घेणं सोडल्यापासून कोळसाही संपलेला. चुलीत जाळ नाही, नुसता धूर. पोर जन्मलं ते गारठलेलं, निळसर. रडेचना. सुईण खोकत दाराशी आली नि ओरडली, "शेकायला विस्तव द्या कुणीतरी! या धुरात पोर हातचं जाईल!"

बुधी तेव्हा इरलं पांघरून वाटेनं चालली होती. तिची नजर मोळीवर गेली. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पाणी त्या लाकडांवरून ओघळत होतं. हे पेटेल का, बुधीला ठाऊक नव्हतं. तरी तिनं मोळी उचलली. दारात दगडू आडवा उभा.

"मसणातलं नाही ना, बुधे? खरं सांग."

"भट्टीतलं हाय, दादा. पर काय हाय, ते मलाबी ठावं न्हाई."

दगडू बाजूला झाला.

ठिणगी लागली आणि स्वच्छ पिवळा जाळ उठला. धूर म्हणून नाही. घरात आधी कोंडलेला धूरही त्या जाळाला भिऊन कौलांतून पळाला, असं म्हणतात. सुईणीनं पोराला शेकलं, चोळलं, आणि पोरानं असा टाहो फोडला की पलीकडच्या डोंगरावरची गुरं थबकली.

दुसऱ्या दिवसापासून सारा गाव बुधीच्या दारी. "तसलं लाकूड आम्हालाही दे." पण बुधीला ते करता कुठं येत होतं? पाऊस सरल्यावर तिनं भट्ट्या लावल्या. एकीत कोळसा झाला, एकीत कच्चं लाकूड राहिलं. ती भट्टीला कान लावून बसायची, विस्तवाशी भांडायची. "सांग की, कुठं थांबू?" लोकांना वाटलं, हिला वेड लागलं. मग एकदा पांढरा, ओला धूर सरला आणि चिंच उकळत असल्यासारखा आंबूस वास सुटला. धूर निळा झाला की कोळसाच व्हायचा, म्हणून त्याच्या आत तिनं घाईघाईनं भोकं लिंपली. उघडलं, तर काताचा रंग!

पुढं कितीतरी वर्षं तिनं गावाच्या चुली बिनधुराच्या ठेवल्या. तरी दर भट्टीला ती तितकीच गोंधळायची. एका भट्टीच्या आंबूस धुरात शिरली ती पुन्हा दिसलीच नाही, असं म्हणतात.

आजही त्या डोंगरात भट्टी उघडली की पहिली मोळी बाळंतिणीच्या घरी जाते. आणि भोकं लिंपण्याआधी भट्टीवाला मातीचा गोळा हातात धरून थांबतो नि मोठ्यानं विचारतो, "बुधे, झालं का गं?"

उत्तर येत नाही. तो धूर हुंगतो, जरा घुटमळतो आणि माती लावतो.