तिसरं करडू

फार वर्षांपूर्वी एका गोठ्यात मोरणी नावाची म्हैस आणि चिंगी नावाची शेळी शेजारी शेजारी राहत. दोघी एकाच आठवड्यात व्याल्या. मोरणीचं रेडकू जन्मताच गेलं. चिंगीला मात्र तीन करडं झाली.

मोरणीने चारा सोडला. धार काढायला आलेल्या मालकिणीला ती जवळही येऊ देईना. नुसती भिंतीकडे तोंड करून उभी राही. इकडे चिंगीला सड दोनच. दोन दांडगी करडं लुचत आणि सगळ्यांत लहान तिसरं मागे ढकललं जाई. चौथ्या दिवशी त्याला धड उभंही राहवेना.

चिंगीने त्याला तोंडाने ढकलत मोरणीजवळ आणलं. "ताई, ह्याला तू पाज. माझ्याकडं राहिलं तर जगायचं नाही."

"आणि उद्या ते मलाच आई म्हणालं तर?"

चिंगीचे डोळे भरून आले. "म्हणू दे. पण आधी जगू दे."

करडू कसंबसं उभं राहिलं, पण त्याचं तोंड सडापर्यंत पोचेना. तेव्हा चार दिवस जागची न हललेली मोरणी हळूच मागे सरकली आणि गोठ्याच्या गटारात उतरून उभी राहिली. काठावरून करडाचं तोंड पोचलं. ते लुचू लागलं, तशी मोरणीने मान वळवून त्याला चाटलं. जिभेच्या एका फटक्यात ते कोलमडलं, धडपडत उठलं आणि पुन्हा लुचू लागलं.

"ह्याचं नाव काय गं?" मोरणीने विचारलं.

"ठेवलंच नाही. जगेल असं वाटलं नव्हतं."

"मग आता ठेव की," मोरणी म्हणाली. "मला हाक मारायला नको का?"