बादलीत उरलेलं औषध

"सावळीला काय झालंय, विद्याधर?"

केशवगिरीबाबा मठाच्या ओसरीवर बसले होते. मांडीवर मठाची काळी मांजरी. तिचे कान फडफडत होते, पाय थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती.

"साप चावला असेल, बाबा."

विद्याधर हा मठातला सगळ्यात शिकलेला शिष्य. शेतकीची पदविका घेऊन आला होता आणि ती दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचा. गाईंना गोचीड झाले म्हणून त्यानंच तालुक्याहून औषध आणलं होतं. सकाळी बादलीत मापानं कालवून लावलं, आणि दुपारपर्यंत गोचीड टपाटप गळाले. गोठ्यातला गडी म्हणाला, "वा, महाराज!" झालं, आमच्या पदविकेच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दोन वासरं रानात गेली होती, म्हणून बादलीत थोडं उरलं होतं. मठात उरलेलं फेकायची रीत नाही. सावळीला पिसवा झाल्या होत्या. विद्याधरनं तेच तिला धरून अंगभर चोळलं, आणि ती उन्हात बसून अंग चाटत राहिली.

तासाभरात ती थरथरायला लागली, तेव्हाच त्याला कळायचं ते कळलं होतं. पण ते "वा, महाराज!" अजून कानात होतं.

"साप... कुठं चावला?" बाबांनी तिचे केस उलटे करून पाहिले. एकेक पंजा पाहिला. खूण कुठेच नव्हती.

"मग ऊन लागलं असेल."

 बाबांनी तिला आतल्या गार कोपऱ्यात नेलं, पाणी पाजून पाहिलं. तिला गिळता येईना. विद्याधर खांबाला टेकून उभा होता. सांगावं, सांगावं असं वाटे, पण जीभ रेटेना. अर्धा तास असाच गेला.

मग बाबांनी सावळीला उचलून गालाशी धरलं. डोळे मिटून तसेच बसले.

"विद्याधर..."

"जी."

"माझा गाल झिणझिणतोय. मुंग्या आल्यागत."

...

विद्याधरचे हात दुपारपासून तसेच झिणझिणत होते. त्यानं ते पाठीमागे लपवले. मग हळूच पुढे आणले.

"औषध लावलं, बाबा. गाईंचं. उरलेलं."

"त्यानं असं होतं?"

"गाईला सोसतं. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात असतं, तसलंच कारखान्यात केलेलं. पण मांजराला ते पचत नाही. बाटलीवर लिहिलंय."

"वाचलं होतंस?"

"...ती थरथरायला लागल्यावर वाचलं."

बाबा उठले. कोमट पाणी, साबण. दोघांनी मिळून तिला धुतलं, पंच्यात गुंडाळलं. विद्याधरनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"किती वेळ झाला?"

"दोन तास होत आले."

"अहो, मग आत्तापर्यंत काय करत होता?"

फोनचा आवाज मोठा होता. बाबांनी ऐकलं, गड्यानंही ऐकलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं विद्याधरला झालं.

डॉक्टर पोचायच्या आत सावळी गेली.

खड्डा त्यानं स्वतःच खणला. तिला पुरून तो सरळ गोठ्यात गेला, औषधाची बाटली उचलली आणि तळ्याकडे निघाला. डोळे वाहत होते. आणि खरं सांगायचं तर, ते कुणीतरी पाहावं असंही त्याला वाटत होतं.

तळ्याच्या पायरीवर बाबा बसले होते.

"हे विष पुन्हा मठात नको, बाबा!" विद्याधरनं हात उगारला.

"तळ्यात मासे आहेत."

हात तिथेच राहिला. माशांना हे औषध थेंबभरही सोसत नाही. हा प्रश्न त्याला परीक्षेत आला होता, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

तो खालच्या पायरीवर बसला. बाटली मांडीवर.

"मग मला तरी हाकला, बाबा. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते."

...

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"दोन वासरं राहिलीत. मी धरतो, तू लाव."