चिंधाबाईचा अंगठा

“...मग सांगा बुवा, यात माझं चुकलं कुठे?”

जानरावाने हे तिसऱ्यांदा विचारलं. निंबाजीबुवा मठाच्या पायरीवर बसून चवळीच्या शेंगा सोलत होते.

जानराव आता त्या डोंगरपट्ट्याचा अंमलदार होता. सात वर्षं याच मठात जेवला, अक्षरंही इथेच गिरवली. आज जीप खाली सोडून तो मुद्दाम चढून आला होता, गुरूकडून पाठ थोपटून घ्यायला. अंमलदारालाही कुणीतरी शाबास म्हणावं लागतं.

बंदूक घेऊन जंगलात गेलेल्यांच्या घरच्यांचं सरकार रेशन बंद करी, घराला कुलूप ठोकी. जानरावाने त्यावर तोड काढली होती. ‘गेलेल्याशी आमचा संबंध नाही’ अशा कागदावर घरच्यांनी अंगठा द्यायचा, की सुटले. सापही मरावा आणि काठीही मोडू नये.

“एकेचाळीस घरांनी दिला,” तो म्हणाला. “एकटी चिंधाबाई अडून बसलीय, डोमाची आई.”

“काय म्हनते थे?”

“म्हणते, डोमा जन्मला तेव्हा त्याची नाळ-वार याच घरात, चुलीमागे पुरली. आधी ती उकरून न्या, मग अंगठा देते.” जानराव हसला.

बुवा हसले नाहीत.

“पोरगा येते काय घरी?”

“तीन वर्षांत फिरकला नाही. तिचा काही दोष नाही, मलाही ठाऊक आहे. पण नियम आहे ना! उद्या सकाळी तिला बाहेर काढावं लागेल. सत्तरीची बाई... बरं वाटत नाही. तुमचा शब्द ती मोडणार नाही, बुवा. एकदा सांगून बघा.”

बुवांनी हातातली शेंग संपवली.

“थो कागद हाय काय तुह्याजवळ?”

जानरावाला हायसं वाटलं. म्हातारा वळला म्हणायचा! त्याने पिशवीतून कोरा नमुना, पेन आणि शाईची गादी काढून दिली.

बुवांनी कागद शांतपणे वाचला. ‘गेलेल्याचे नाव’ यापुढे लिहिलं, जानराव. ‘नाते’ यापुढे लिहिलं, शिष्य.

“बुवा! हे काय?”

“उद्या तू बुढीले बाहेर काढशीन. लोक पुसतीन, हा कोनाच्या हाताखाली शिकला? आपन आधीच मोकळं झालेलं बरं.”

जानराव पुढे सरकला. कचेरीतली भाषा कुठल्या कुठे गेली.

“पन तुमचा काय दोष, बुवा? म्या केलं थे म्या केलं!”

 बुवांनी अंगठ्याला शाई लावली, कागदावर नेला...

जानरावाला वाटलं, कागद ओढून घ्यावा. हात उचलेना. ज्या माणसाच्या ताटातलं खाऊन आपण मोठे झालो, तो आपल्याला पुसून टाकतोय, आणि तेही आपल्याच नमुन्यावर! त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

अंगठा कागदाच्या वर तसाच राहिला. बराच वेळ.

मग बुवांनी तो धोतराला पुसला.

“जमत नाही रे अंगठा द्याले.”

जानरावाचे डोळे भरून आले. त्याने वाकून पायाला हात लावला.

“कुलपं किती आनली?” बुवांनी विचारलं.

“...एकच.”

“मंग पयले या दाराले लाव.”