दिवाणखान्याची सागवानी जमीन

"फळी भिंतीला टेकली पाहिजे. मधे केस जरी शिरला, तरी तुझी हत्यारं जप्त आणि तू संस्थानाबाहेर!"

कासेगडचे राजे उदाजीराव असं म्हणाले आणि विसोबा सुताराचं तोंड कडू झालं. राजांच्या जुन्या दिवाणखान्यात दगडी फरशी होती. तिच्यावर बसून गुडघे धरायचे, म्हणून वरून सागवानी जमीन हवी होती. इथवर ठीक. राजालाही गुडघे असतात.

"सरकार, पावसात लाकूड फुगतं," विसोबा म्हणाला. "भिंतीकडेनं बोटभर जागा सोडावी लागते. वर पट्टी मारली की दिसत नाही."

"पण खाली फट आहे हे मला ठाऊक असेल ना! झोप लागायची नाही मला!"

"फट सोडली नाही तर फळ्या वर उचलतील."

"उचलल्या तरी तू संस्थानाबाहेर!"

अशा माणसाशी काय बोलायचं? विसोबा घरी आला आणि मुलीला म्हणाला, "येसू, भांडी बांध. निघायचंय."

येसूनं सगळं ऐकून घेतलं. भांड्यांना हात लावला नाही.

"आबा, राजांना सांगा, कामाआधी त्याच दिवाणखान्यात दरबाऱ्यांना जेवण घाला. बसवायचं आणि वाढायचं मी बघते."

जेवणाला राजे कशाला नाही म्हणतात!

पंगतीच्या दिवशी येसूनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच ओळ बसवली. पहिल्याचा गुडघा या भिंतीला, शेवटच्याचा त्या भिंतीला, मधे सगळे मांडीला मांडी लावून. बरोबर मध्यावर राजे.

"अगं पोरी, जरा जागा ठेव की!" दिवाणजी कुरकुरले.

"केस शिरता कामा नये, दिवाणजी. राजांचा हुकूम आहे."

हुकूम कसला, ते दिवाणजींनी विचारलं नाही. दिवाण विचारत नसतात.

मग पुरणपोळ्या आल्या. वर तूप, मागून कढी-भात, पुन्हा पोळ्या. राजे "वाढ!" म्हणाल्यावर "पुरे" म्हणायची छाती कुणाची? पोटं भरली, करगोटे सैल करावे लागले, मांड्या पसरायला लागल्या. भिंती काही सरकेनात. सगळा रेटा दोन्हीकडून मध्यावर आला. आधी राजांचे गुडघे वर आले, मग राजे आले. हातात अर्धी पोळी घेऊन उभे!

पंगत गार पडली. जेवताना मधेच उठायचं? आणि तेही खुद्द यजमानानं?

"महाराज, पानावरून का उठलात?" येसूनं तुपाची वाटी सांभाळत विचारलं.

"मी उठलो नाही! या लोकांनी दाबून वर काढलं मला!"

"मग यांना संस्थानाबाहेर काढायचं का?"

"त्यांचा काय दोष? खाल्ल्यावर माणूस फुगणारच! कडेला बोटभर जागा सोडायला काय झालं होतं तुला?"

"आबा तेच मागत होते, महाराज. आणि हे तर एका दुपारचं जेवण. फळ्या चार महिने पाऊस पितात!"

राजांनी पोळीकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग असे हसले की पोळी हातातून पडली. दरबारीही हसले, जरा मागाहून, रीतीप्रमाणे.

"विसोबा, सोड बोटभर आणि मार पट्टी!" राजे ओरडले. वाड्याचं सुतारकाम त्याला जन्मभरासाठी दिलं आणि येसूला सोन्याच्या पाटल्या.

मग राजे पुन्हा जेवायला बसले. बासुंदी राहिली होती. या खेपेला मात्र सगळ्यांपासून हातभर लांब!