पाहुण्यासाठी पेटलेली चूल

खूप जुनी गोष्ट आहे. राज्य कोणतं ते विचारू नका. गड पुष्कळ होते, एवढं खरं. त्या गडांची पाहणी करायला राजाने एक तपासनीस नेमला होता. मोठा खमका माणूस. कुठल्याही गडावर तो सांगून जायचा नाही. "सांगून गेलं की फक्त झाडलेलं अंगण दिसतं," असं म्हणायचा. अचानक दारात उभा राहायचा आणि भले भले किल्लेदार पगडी शोधत पळायचे.

हाच माणूस वडिलांना भेटायला निघाला, की मात्र आठ दिवस आधी निरोप धाडायचा. वडील दूरच्या खेड्यात एकटे राहत. तो जायचा तेव्हा अंगण सारवलेलं, रांजण भरलेला आणि चुलीवर आमटी उकळत असायची. तो पोटभर जेवायचा आणि निर्धास्त परतायचा.

एकदा असाच जेवून निघाला आणि वाटेत त्याला चैन पडेना. जेवताना त्याने गूळ मागितला होता. वडिलांनी फडताळं धुंडाळली, डबा काही सापडेना. शेवटी परसदारी जाऊन शेजारच्या काकूंना विचारून आले. स्वतःच्या घरातला डबा शेजारणीला ठाऊक होता, त्यांना नव्हता. शिवाय त्यांच्या धोतराचा काठ एका बाजूने जळलेला होता. "ठिणगी उडाली," ते म्हणाले, आणि याने मान डोलावली. एखाद्या किल्लेदाराने अशी थाप मारली असती, तर याने त्याला सोडलं असतं का?

पुढच्या गडावर तो पोचला खरा, पण लक्ष लागेना. बुरुज दोनदा मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्याने घोड्यावर खोगीर चढवलं आणि गावाची वाट धरली. मनात सारखं एकच येत होतं, की आपल्याला उशीर तर झाला नसेल ना.

दुपारी तो पोचला. या वेळी निरोप गेला नव्हता. अंगणात पाचोळा साचला होता. चूल थंड होती, रांजणाच्या तळाशी चार बोटं पाणी होतं. आणि परसात, विहिरीच्या पायरीपाशी, वडील जमिनीवर बसले होते. सकाळी पाय घसरला, तेव्हापासून त्यांना उठता येत नव्हतं. शेजारपाजारची माणसं रानात गेलेली.

"निरोप का नाही धाडलास?" ते म्हणाले. "घरात तुझ्यासाठी काही नाही रे."

तपासनिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने त्यांना उचलून ओसरीवर आणलं, पाणी पाजलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चुलीपाशी हात थरथरायचे. एकदा धोतर पेटलं, तेव्हापासून जाळ करायची भीतीच बसली. रोजचं जेवण म्हणजे भिजवलेले पोहे. मुलाचा निरोप आला की काकू येऊन सगळं करून द्यायच्या.

"मग त्यांना रोज का बोलवत नाही?"

"माझ्या एकट्यासाठी कुणाला कशाला त्रास? पाहुणा यायचा असला तर गोष्ट वेगळी."

"मग चला माझ्याबरोबर."

"हे घर सोडून मी कुठं यायचा नाही. पुन्हा विचारू नकोस."

तपासनीस ओसरीवर येरझारा घालू लागला. बळेच न्यावं तर म्हातारा झुरणार, इथे ठेवावं तर पुन्हा पडणार. बऱ्याच वेळाने तो थांबला.

"ठीक आहे, आबा. पण आजपासून मी निरोप धाडणार नाही. कुठल्याही दिवशी येईन. आलो की मला गरम भाकरी लागेल आणि भरलेला रांजण लागेल."

वडिलांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. म्हातारा काही खुळा नव्हता.

"म्हणजे काकूंना रोज यावं लागेल," ते म्हणाले.

"लागेल. त्यांच्याशी मी बोलतो."

"आणि तू नाहीच आलास, तर त्या भाकरीचं काय करायचं?"

"तुम्ही खायची."

तेव्हापासून त्या घरात रोज चूल पेटू लागली. विहिरीच्या पायऱ्यांना कठडा आला. तपासनीस शब्दाला जागला, कधी सकाळी तर कधी भर उन्हात येऊन उभा राहू लागला. म्हातारा आपल्याच घरात पुढे नऊ वर्षं सुखाने जगला. पण आधीच्या त्या भेटी, ज्यांतून तो पोटभर जेवून निर्धास्त परतला होता, मुलाला जन्मभर टोचत राहिल्या.

बोध हा, की म्हाताऱ्या माणसांचं खरोखर कसं चाललं आहे ते जाणून घ्यायचं असेल, तर कधीतरी न सांगता जावं आणि जे दिसेल त्याकडे डोळेझाक करू नये.